सुईत दोरा ओवणारी मुलगी

तिसरीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगी होती. तिची आजी गोधड्या शिवायची आणि सुईत दोरा ओवून द्यायचं काम या नातीचं. आजीची हाक आली की ही खेळ सोडून धावायची, सुई पार नाकाशी धरायची आणि एका झटक्यात दोरा ओवून परत पळायची. तांदूळ निवडायला बसवलं तर एक खडा तिच्या नजरेतून सुटायचा नाही. पोरीचे डोळे घारीसारखे आहेत, असं आळीत सगळे म्हणत. त्याच पोरीच्या वहीत मी लाल शाईने लिहीत होते, ‘लक्ष देऊन लिहावे.’ फळ्यावरचं उतरवून घेताना तिचे अनुस्वार गळायचे, ‘घ’चा ‘ध’ व्हायचा, ‘भ’चा ‘म’ व्हायचा, गणितात १ चा ९ व्हायचा आणि पुढची सगळी बेरीज फसायची. पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात मी ‘धांदरटपणा कमी करावा’ असा शेरा दिला. वडिलांनी तो वाचला आणि घरी तिला मार बसला, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

चौथीत तिला चष्मा लागला. तेही माझ्यामुळे नव्हे. मुंबईहून सुट्टीला आलेल्या आत्याने एसटी स्टँडवर तिला विचारलं, “बघ गं, कुठली गाडी लागलीय?” समोर उभ्या असलेल्या गाडीची पाटी हिला वाचता येईना. आत्याने हट्टाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे अडीच निघाला. चष्मा घालून पहिल्या दिवशी वर्गात आली, जागेवर बसून माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि मोठ्याने म्हणाली, “बाई, तुमच्या हनुवटीवर गोंदण आहे!” वर्ग हसला. मला हसता आलं नाही. दीड वर्ष ती रोज पाच-सहा तास माझ्यासमोर बसत होती.

जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. त्या मुलीनंतर जे शिकले ते इथे मांडते आहे. मूल तक्रार करील आणि मग आपण त्याचे डोळे तपासू, ही आपली रीत मुळातच चुकीची आहे. लांबचं न दिसणारं मूल तक्रार करत नाही. त्याला ती करताच येत नाही. म्हणून त्याला ओळखणं हे मोठ्यांचं काम आहे, आणि मोठ्यांमध्ये सगळ्यांत आधी शाळेचं. ते काम दरवर्षी, ठरल्या दिवशी, तक्ता लावून आणि अंतर मोजून झालं पाहिजे.

तक्रार करायला काहीतरी बिघडलंय हे कळावं लागतं. पोट दुखायला लागलं की काल दुखत नव्हतं, हे मुलाला ठाऊक असतं. नजर मात्र महिनोन्‌महिने थोडी थोडी पुसट होत जाते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. मुलाला वाटतं लांबचं जग असंच असतं. इतरांना फळ्यावरचं वाचता येतं म्हणजे ती आपल्यापेक्षा हुशार असणार. चष्मा लागलेल्या कितीतरी मुलांना मी नंतर विचारलं, आधी सांगितलं का नाहीस? उत्तर जवळजवळ सारखंच यायचं : मला वाटलं, सगळ्यांना असंच दिसतं.

आणि जवळचं उत्तम दिसतं, हा त्यातला मोठा चकवा. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो. तो वाढीच्या वयात गरजेपेक्षा लांबट झाला की लांबून येणारे किरण मागच्या पडद्यावर पोचण्याआधीच एकत्र येतात आणि पडद्यावर धूसर चित्र पडतं. एक मिलिमीटर जास्त लांबी झाली तरी नंबर अडीच-तीनपर्यंत जातो. नंबराचा हिशेब सोपा आहे. उणे एक म्हणजे एक मीटरपर्यंतचं स्पष्ट, पुढचं पुसट. उणे दोन म्हणजे अर्ध्या मीटरपर्यंत. उणे चार म्हणजे पाव मीटर, म्हणजे जेमतेम वीतभर. माझ्या त्या मुलीचं स्पष्ट जग चाळीस सेंटिमीटरचं होतं. सुई त्यात होती, तांदूळ होते, पाठ्यपुस्तक होतं. फळा नव्हता आणि मीही नव्हते.

आपल्या बोलण्यातली नावंही गोंधळात भर घालतात. पुस्तकात याला निकटदृष्टिता म्हणतात, म्हणजे जवळचं दिसणारी नजर. लोक म्हणतात लांबचा नंबर, म्हणजे लांबचं बघायला लागणारा. एकच दोष, एका नावात जवळ आणि दुसऱ्या नावात लांब. पालकसभेत ‘तुमच्या मुलाला निकटदृष्टिता असू शकते’ असं म्हटलं की चारजण मान डोलावतात आणि घरी जाऊन मुलाला वर्तमानपत्र वाचायला लावतात. तो घडाघडा वाचतो. बाईंचं काहीतरीच! दहावीच्या विज्ञानात ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा धडा आहे. त्यात अंतर्गोल भिंगाची आकृती हमखास परीक्षेला येते. ती आकृती फळ्यावरून दिसत नाही म्हणून शेजारच्याच्या वहीतून काढणारी मुलं आमच्या गावच्या हायस्कुलातही असत, हे तिथल्या सहकाऱ्यांनीच मला सांगितलं.

मग ओळखायचं कसं? टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसणं, पुस्तक नाकाला लावणं, डोळे चोळणं, ही लक्षणं बहुतेकांना माहीत असतात. डोळे बारीक करून बघणं हे त्यांतलं सगळ्यांत भरवशाचं. या दोषाला मायोपिया म्हणतात तो शब्दच ग्रीक भाषेतून, ‘डोळे मिटणे’ या अर्थाच्या धातूवरून आला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनीही तो दोष असाच ओळखला होता. पापण्यांची फट लहान केली की आडवेतिडवे किरण गाळले जातात आणि चित्र थोडं रेखीव होतं. मूल हे कुणी न शिकवता करतं. मोठी माणसं त्याला ‘असे डोळे बारीक करू नकोस, सवय लागेल’ म्हणून रागावतात आणि हातात आलेली खूण घालवून बसतात.

याच कारणाने घरी करण्यासारखी एक परीक्षा आहे. जाड कार्डाला टाचणीने एक बारीक भोक पाडा. मुलाचा एक डोळा तळहाताने झाका; बोटांनी झाकू नका, फटीतून मूल बघतं. समोर कॅलेंडर टांगा, पाच-सहा मीटर दूर. आधी नुसत्या डोळ्याने वाचायला सांगा, मग त्या भोकातून. भोकातून स्पष्ट दिसलं तर दोष बहुतेक नंबराचा आहे आणि चष्म्याने सुटेल. भोकातूनही दिसलं नाही तर कारण वेगळं असू शकतं. मग थांबायचंच नाही, तडक डॉक्टरांकडे. आणि दोन्ही डोळे वेगवेगळे तपासायचे, यात सूट नाही. एका डोळ्याला मोठा नंबर आणि दुसरा चांगला असेल तर मूल चांगल्या डोळ्यावर सगळं निभावून नेतं, अंधूक डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू हळूहळू वापरेनासा होतो आणि तो डोळा मंद पडतो. सात-आठ वर्षांच्या आत हे लक्षात आलं तर सुधारणेची आशा चांगली असते. पुढे ती कमी कमी होत जाते.

पण माझ्या अनुभवातली सगळ्यांत उपयोगी खूण कुठल्या पत्रकात वाचलेली नाही, ती वह्या तपासताना सापडली. मुलाची श्रुतलेखनाची वही आणि फळ्यावरून उतरवलेली वही शेजारी ठेवा. श्रुतलेखनात ‘संध्याकाळ’ नीट लिहिणारं मूल फळ्यावरून ‘सध्याकाळ’ उतरवत असेल, तर त्याला अनुस्वार येतो, फक्त दिसत नाही. देवनागरीत पहिल्यांदा पुसतात ती टिंबं, मग रफार, मग ‘घ-ध’, ‘भ-म’, ‘थ-य’ यांतल्या गाठी. ज्याचं शुद्धलेखन खरोखरच कच्चं आहे त्याच्या चुका दोन्ही वह्यांत सारख्या सापडतात. नजर कमी असलेल्याच्या चुका फळ्याच्या वहीत गोळा होतात. हे तपासायला एक पैसा लागत नाही. दोन्ही वह्या त्या वर्षी माझ्याच टेबलावर होत्या आणि मी त्या वेगवेगळ्या गठ्ठ्यांत तपासत होते.

मैदानावरही बघावं. झेल सोडणारा, चेंडू आपल्याकडे येतोय हे उशिरा कळणारा, लगोरीत कुणी घ्यायला तयार नसलेला मुलगा आळशी असेलच असं नाही. वाटेत समोरून आलेल्या मामाला हाक न मारणारी मुलगी शिष्ट असेलच असं नाही. आपल्याकडे लग्नात नवरा-नवरीला सप्तर्षींतल्या वसिष्ठाजवळची अरुंधती दाखवतात. अरुंधती ज्याला दिसत नाही त्याचं आयुष्य सरत आलं, असा जुना समज. किती धडधाकट माणसांना या एका ताऱ्यापायी घोर लागला असेल कोण जाणे. उणे एक नंबरसुद्धा ती दिसेनाशी करायला पुरेसा आहे.

शाळेने हे काम करावं म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं : त्यासाठी सरकारी कार्यक्रम आहे की. आहे, आणि चांगला आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. शाळकरी मुलांची नजर तपासणं आणि गरजूंना मोफत चष्मे देणं हा त्याचा भाग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याचं पथक अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा येऊन मुलांची तपासणी करतं. या पथकांतले डॉक्टर आणि परिचारिका उन्हातान्हात वाड्यावस्त्यांवर फिरताना मी पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण पथक एका दिवशी येतं. त्या दिवशी ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर गेलेलं मूल, जत्रेला गेलेलं मूल, तापाने घरी असलेलं मूल सुटतं. शिवाय पथकाला त्या दिवशी दात, कान, हृदय, रक्तक्षय, वाढ, सगळंच बघायचं असतं. आणि हा कार्यक्रम सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता आहे. शहरांतल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळांतली लाखो मुलं त्याच्या बाहेरच राहतात. तिथले पालक म्हणतात, आम्ही सुशिक्षित आहोत, आम्हाला कळेल.

कळत नाही. दिल्लीत एम्सच्या नेत्रकेंद्राने शाळकरी मुलांची मोठी पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. जवळपास दहा हजार मुलांत १३.१ टक्के मुलांना उणे नंबर निघाला, आणि खासगी शाळांत त्याचं प्रमाण सरकारी शाळांपेक्षा जास्त होतं. ज्यांना नंबर होता त्यांतल्या चारांपैकी जेमतेम एकाच्या डोळ्यांवर योग्य चष्मा होता. हे देशाच्या राजधानीत, जिथे गल्लीगल्लीत चष्म्याचं दुकान आहे.

म्हणून माझी मागणी अशी. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या वर्गाची नजर तपासावी, शाळा कुठल्याही व्यवस्थापनाची असो. प्रगतिपुस्तकात उंची आणि वजन लिहितो त्याखाली उजवा डोळा आणि डावा डोळा असे दोन रकाने असावेत. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात हर्मन स्नेलेन या डॉक्टरांनी १८६२ साली अक्षरांचा तक्ता तयार केला; आजही जगभर तोच आधार आहे. सहा मीटरवरून वाचायचा, आणि ज्या ओळीतली अक्षरं जेमतेम नऊ मिलिमीटर उंच असतात ती दिसली की नजर ६/६. लहान मुलांसाठी तीन दांड्यांचं एकच चिन्ह चारी दिशांना फिरवलेला तक्ता मिळतो. मुलाने दांड्या कुठल्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवायचं. अक्षरओळखही लागत नाही. एका मुलाला दोन-तीन मिनिटं. तीस-पस्तीस मुलांचा वर्ग दोन दुपारच्या सत्रांत होतो. दोन्हींपैकी कुठल्याही डोळ्याला ६/९ ची, म्हणजे त्याहून थोड्या मोठ्या अक्षरांची, ओळ वाचता आली नाही की मी चिठ्ठी द्यायचे. चिठ्ठीवर नंबर लिहायचा नसतो, निदान करायचं नसतं. ‘या मुलाचे डोळे डॉक्टरांना दाखवा’ एवढंच लिहायचं.

माझे सहकारी इथे चिडतील आणि त्यांचं चिडणं मला मान्य आहे. निवडणुकीचं काम शिक्षकाकडे, सर्वेक्षणं शिक्षकाकडे, पोषण आहाराच्या नोंदी शिक्षकाकडे, ऑनलाइन माहिती भरायची ती शिक्षकाने, आणि आता डोळेही शिक्षकानेच तपासायचे? मीही ही सगळी कामं केली आहेत, मतदार याद्या घेऊन चिखलातून हिंडले आहे. पण त्या यादीतलं हे काम वेगळं आहे. मतदार यादी मी केली काय आणि आणखी कुणी केली काय, वर्गातल्या मुलाला फरक पडत नाही. फळा दिसत नसलेल्या मुलाला मी वर्षभर जे शिकवते ते सगळं फुकट जातं. हे शिकवण्याचंच काम आहे, पहिल्या दिवसाचं. अशैक्षणिक कामांचं ओझं उतरवायला संघटनांनी जरूर भांडावं. या एका कामाला त्या ओझ्यात मोजू नये.

चिठ्ठी दिली म्हणजे चष्मा आला, असं मात्र नाही. खरी लढाई तिथून सुरू होते. मोफत चष्म्यांची यादी पाठवलेली असते आणि चष्मे येत नाहीत; एका वर्षी ते आले तेव्हा मुलं पुढच्या वर्गात गेली होती आणि त्यांचे नंबरही बदलले होते. काही पालक सरळ चष्म्याच्या दुकानात जाऊन यंत्रावर नंबर काढतात. लहान मुलाच्या डोळ्याचा स्नायू भारी ताकदीचा असतो, तो आवळून मूल नसलेला उणे नंबर दाखवू शकतं. म्हणून पहिल्या वेळी तरी डोळ्यांत थेंब घालून, स्नायू सैल करून डॉक्टरांनी केलेली तपासणीच खरी. त्यासाठी तालुक्याला एक खेप होते, एक दिवसाची मजुरी बुडते. हे मला दिसतं. तरी ती खेप करावी.

आणि मग समजुती. चष्मा लावला की नंबर वाढतो, ही सगळ्यांत चिवट. नंबर वाढतो हे खरं, कारण वाढीच्या वयात डोळाही वाढत असतो. चष्मा नसता तरी तो वाढलाच असता. थोडा कमी नंबराचा चष्मा द्या म्हणजे डोळ्याला व्यायाम होईल, असं पूर्वी काही जाणकारही म्हणत. मलेशियात मुलांवर हे करून बघितलं गेलं, निष्कर्ष २००२ साली छापून आले : कमी नंबराचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वेगाने वाढला. गाजर खावं, पालेभाजी खावी, मुलांना ‘अ’ जीवनसत्त्व हवंच; त्याच्या अभावाने रातांधळेपणा येतो. पण गाजराने लांबलेला डोळा आखूड होत नाही.

मुलींच्या बाबतीत याहून कडू अनुभव आहे. एका आईने मला स्पष्ट सांगितलं, “बाई, पोराला करू चष्मा. पोरीला आत्तापासून चष्मा लावला तर उद्या बघायला येणारे काय म्हणतील?” पोरगी तेव्हा नऊ वर्षांची होती. वर्गात पोरं ‘ढापणी’ म्हणतात ते मी थांबवू शकते, थांबवलंही. अजून न आलेल्या पाहुण्यांच्या तोंडाला हात कसा लावायचा? मी त्या माउलीला एवढंच विचारलं, की रस्ता ओलांडताना तिला येणारा ट्रक दिसला पाहिजे की नाही. चष्मा झाला. तो दप्तरात राहायचा की डोळ्यांवर, यावर आणखी सहा महिने गेले.

वयस्कर माणसांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण ती घराघरांत चुकते. सत्तरीतल्या आजोबांना अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता यायला लागतो आणि घरभर आनंद होतो, डोळे परत तरणे झाले म्हणून. बऱ्याचदा तो मोतीबिंदू असतो. डोळ्यातलं भिंग मधोमध घट्ट होत जातं आणि उणे नंबर तयार होतो; त्याने जवळचं काही काळ सुधारतं आणि लांबचं जातं. तरुण किंवा मध्यमवयीन माणसाची नजर आठवडाभरात वरखाली झाली तर रक्तातली साखर तपासावी. सुईत दोरा ओवता येतो म्हणजे डोळे तेज, हा हिशेब कुठल्याच वयात बरोबर नाही.

चष्म्याने दिसतं तर मग एवढी काळजी कशाला, असं कुणी विचारील. कारण नंबर लवकर लागला की वाढायला वर्षंही जास्त मिळतात. उणे सहाच्या पुढे गेलेल्या डोळ्याचा मागचा पडदा ताणून पातळ झालेला असतो. अशा माणसाला पुढच्या आयुष्यात पडदा सरकण्याचा, काचबिंदूचा, पडद्याचा मध्यभाग झिजण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, आणि तो धोका चष्मा लावून किंवा लेसर करून नंबर घालवला तरी जात नाही. मोठा उणे नंबर असलेल्याला अचानक विजा चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके पडू लागले, बाजूने सावली सरकली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. उणे आठ नंबरच्या किती तरुणांना हे कुणी सांगितलेलं असतं?

आता कारणाकडे येते, कारण तिथेही आपण शाळेला सोडून भलत्यालाच धरतो. मोबाईल! प्रत्येक पालकसभेत हे एकच उत्तर. मोबाईलची बाजू मला घ्यायची नाही. तासन्‌तास वीतभर अंतरावर बघणं वाईटच. पण तैवान आणि सिंगापूरमध्ये शाळकरी मुलांना चष्मे लागण्याची लाट स्मार्टफोन जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची आहे. सिडनीत वाढणारी चिनी वंशाची सहा-सात वर्षांची मुलं आणि सिंगापूरमधली त्याच वंशाची, त्याच वयाची मुलं यांची तुलना २००८ साली प्रसिद्ध झाली. सिडनीत ३.३ टक्के मुलांना उणे नंबर, सिंगापुरात २९.१ टक्के. आईबापांचे नंबर दोन्हीकडे सारखेच, आणि वाचन तर सिडनीची मुलं जास्त करत होती. मोठा फरक एका गोष्टीत होता : सिडनीची मुलं आठवड्याला जवळपास चौदा तास घराबाहेर असायची, सिंगापूरची तीन. चीनमधल्या ग्वांगझूत बारा शाळांत पहिलीच्या मुलांवर प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी रोज चाळीस मिनिटांचा एक तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनी त्या शाळांत नव्याने नंबर लागलेली मुलं ३०.४ टक्के, उरलेल्यांत ३९.५ टक्के. तैवानने २०१० पासून शाळांना रोज दोन तास मुलांना बाहेर काढायला सांगितलं, आणि वर्षानुवर्षं वर चढणारा आकडा खाली वळला. नजर कमी असलेल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांचं प्रमाण २०१२ मध्ये ४९.४ टक्के होतं, २०१५ मध्ये ४६.१ वर आलं. उलटी बाजूही दिसली. कोरोनाच्या काळात घरात कोंडलेल्या मुलांची चीनच्या शानडाँग प्रांतातल्या फेइचंग शहरात २०२० मध्ये तपासणी झाली, तेव्हा सहा वर्षांच्या २१.५ टक्के मुलांत उणे नंबर दिसला. आधीच्या पाच वर्षांत हा आकडा कधीही सहा टक्क्यांवर गेला नव्हता.

यामागे उजेड आहे, असं संशोधक मानतात. उजेड लक्स या एककात मोजतात; वर्गात तो तीनशे-पाचशे लक्स असतो. बाहेर, झाडाच्या सावलीतसुद्धा, त्याच्या कितीतरी पट, आणि उन्हात दहा हजारांच्या वर. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन हे द्रव्य जास्त तयार होतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं आहे.

आमच्याकडे उन्हाचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो तासाचा. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतो आणि शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो. मी स्वतः तो घेतला आहे, कधी मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून, कधी माझा भाग मागे पडला म्हणून. शाळेला मैदान हवं असं शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट म्हणतं. शहरात मात्र अशा कितीतरी शाळा आहेत जिथल्या मैदानात आता बस उभ्या असतात आणि मुलांची मधली सुट्टी जिन्यात होते. शाळेतून सुटलं की शिकवणी, शिकवणीतून अंधार पडल्यावर घर. या मुलाच्या हातातून मोबाईल काढून घेतला आणि त्या वेळात त्याला ट्यूबलाइटखाली आणखी एक गाइड वाचायला बसवलं, तर त्याच्या डोळ्यांचं काय भलं होणार? खेळाचा तास कापणं हे डोळ्यांच्या औषधातून दररोज एक डोस काढून घेण्यासारखं आहे, आणि ते आपण पालकांच्या टाळ्या घेत करतो. नंबर आधीच लागलेल्या मुलांची वाढ मंदावण्यासाठी आता थेंब आणि खास भिंगं मिळतात. ती डॉक्टरांनी ठरवायची गोष्ट. नंबर लागायच्या आधीचं औषध मात्र शाळेच्या दारात फुकट पडलं आहे.

त्या मुलीनंतर माझ्या प्रत्येक वर्गात मी जूनमध्ये तपासणी घेत गेले. तक्ता व्हरांड्याच्या भिंतीवर, उजेडाच्या बाजूला. त्यापासून सहा मीटरवर खडूने रेघ मारायचे, ती पावसाच्या झडीत पुसून जायची, म्हणून शेवटी पांढऱ्या तेलरंगाने काढून घेतली. मागच्या वर्षी काही कागदांसाठी त्या शाळेत जाणं झालं. मधली सुट्टी होती, पोरं ओरडत होती, आणि नव्या बाई मला हौसेने शाळा दाखवत होत्या. व्हरांड्यात त्या रेघेच्या अलीकडे एक डाव उभा होता, एक मुलगी लंगडी घालत होती. बाईंनी सांगितलं, ही रेघ आधीपासूनच आहे, लंगडीसाठी कुणीतरी मारली असावी. मी त्यांना ऑफिसात नेलं आणि खालच्या कप्प्यात, जुन्या हजेरीपटांच्या मागे तक्त्याची गुंडाळी कुठे ठेवली आहे ते दाखवलं.